वस्तीतले समाजकेंद्र आणि राहते घर टिकणे : या दोन गोष्टींचा संबंध नेमका कुठे जुळतो?

प्रश्न : 'उंबरठा'

आमच्या वस्तीत एक लहानसे समाजकेंद्र आहे. तळमजल्यावर एक मोठी खोली, तिच्यामागे दोन कपाटे आणि एक टेबल मावेल एवढी अभ्यासिका आणि बाहेर चार बाके, इतकाच त्याचा पसारा. मुलांचा अभ्यास, शिवणवर्ग, ज्येष्ठांचे वाचन आणि नव्याने राहायला आलेल्यांसाठी भाषेचा वर्ग असे उपक्रम तिथे अनेक वर्षे चालू आहेत. मी केंद्राच्या कार्यकारी समितीत काम करते.

गेल्या वर्षभरात नेहमी येणारी काही कुटुंबे एकामागून एक दिसेनाशी झाली. नंतर चौकशी केली तेव्हा कळले, की कुणाचे भाडे थकले होते, कुणाच्या कराराचे नूतनीकरण झाले नव्हते, आणि ही मंडळी आम्हाला एका शब्दाने काही न सांगता घर सोडून गेली होती. शिवणवर्गाच्या हजेरीपटावर एका बाईंच्या नावापुढे सलग सहा आठवडे रिकाम्या चौकटी होत्या, तरी आमच्यापैकी कुणीही त्यांच्या दारापर्यंत गेले नाही, याची मला आजही बोच आहे.

यावरून समितीत दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे, की घरांचा प्रश्न सरकारचा आणि न्यायालयाचा आहे. माणसांना एकत्र आणणे एवढेच आपले काम. इतरांना वाटते, की वर्ग बंद करून त्या जागेत घरविषयक सल्ला कार्यालय सुरू करावे. लोकांमध्ये आपलेपणा निर्माण झाल्याने घर टिकायला खरोखर मदत होते का, आणि होत असेल तर ती कशी, हे मला समजून घ्यायचे आहे. आमच्याकडे वकील नाही आणि पैसाही बेताचाच आहे.

प्रतिसाद : 'दुपारची पाळी'

मी अशाच एका केंद्रात बरीच वर्षे कागदपत्रांच्या टेबलावर बसलो आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. वर्ग बंद करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

घर जाते ते नोटीस आल्यावर, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याची सुरुवात कितीतरी आधी झालेली असते. घरात आजारपण येते किंवा कामाचे दिवस कमी होतात, एका महिन्याचे भाडे अर्धेच भरले जाते, मग संकोचापोटी घरमालकाचा फोन घेतला जात नाही, मालकाला वाटते की हा माणूस मुद्दाम टाळतो आहे, आणि त्यानंतर आलेली पाकिटे उघडण्याचे धैर्यही उरत नाही. शेवटी सुनावणीची तारीख चुकते आणि भाडेकरूची बाजू ऐकून घेतल्याशिवायच निर्णय होतो. या सगळ्यात पैशांची चणचण खरी असते, ती मी नाकारत नाही. परंतु दोन महिन्यांची थकबाकी हप्त्यांनी फिटू शकते. सहा महिन्यांच्या अबोल्यानंतर कुणी हप्त्यांचे नावही काढू देत नाही. केंद्र उपयोगी पडते ते या अबोल्याच्या काळात, कारण नोटिशीआधी त्या घराची खबर लागण्याची शक्यता असलेले ठिकाण बहुधा तेच असते.

आता आपल्या दुसऱ्या तटाविषयी. 'घरविषयक सल्ला' अशी पाटी लावलेल्या खोलीत शिरताना माणसाला चार लोक पाहतात, आणि ते पाहणे म्हणजेच आपली अडचण जाहीर होणे, असे त्याला वाटते. भाषेच्या वर्गाला जाताना कुणी असा विचार करत नाही. आमच्या वर्गाला एक गृहस्थ येत असत. वेळेवर येणारे, मितभाषी, वर्ग संपल्यावर खुर्च्या रचून ठेवणारे. एके दिवशी त्यांनी शेजारी बसणाऱ्याला आपले लाकडी कपाट फुकट देऊ केले. त्या शेजाऱ्याला ते खटकले आणि त्याने मला सांगितले. दुसऱ्या दिवशी खुर्च्या रचताना मी त्यांना सहज विचारले, की घर बदलता आहात का. त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. तो भाडेवाढीची सूचना देणारा कागद होता आणि त्यावर उत्तर द्यायला अजून अकरा दिवस होते. त्यात घर रिकामे करण्याविषयी एक अक्षरही नव्हते. परक्या भाषेतला तो मजकूर वाचून त्यांनी आपल्याला घराबाहेर काढत आहेत असा अर्थ काढला होता आणि निम्मे सामान वाटून टाकले होते. आम्ही उत्तर लिहिले, मालकाशी बोलणे झाले, वाढ थोडी कमी झाली आणि ते राहिले. कपाटाची ती गोष्ट आमच्या कानावर आली नसती, तर कुणीही न काढता ते स्वतःच निघून गेले असते.

वकील नसताना जे करता येते ते असे : आलेला कागद त्याच दिवशी सोबत बसून वाचावा, त्यावरची मुदत वरच्या कोपऱ्यात ठळक लिहावी, भाडे भरल्याच्या सगळ्या पावत्या तारखेनुसार लावून द्याव्यात, रोख भरणाऱ्याला पावती मागायला शिकवावे, आणि थकबाकी असेल तर हप्त्यांचा प्रस्ताव लेखी पाठवायला मदत करावी. कायद्याचा अर्थ मात्र आपण सांगू नये. त्यासाठी विनामूल्य कायदेविषयक मदत कुठे मिळते याची माहिती आणि तिथवर सोबत जाणारे एक माणूस, एवढे पुरते. सोबत जाण्याचे महत्त्व मला फार उशिरा कळले.

प्रतिसाद : 'जुनी पाने'

समितीतल्या पहिल्या तटाला इतिहास दाखवावा असे वाटते, कारण ही दोन कामे मुळात वेगळी नव्हतीच. लंडनच्या पूर्व भागात 1884 मध्ये सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने टॉयन्बी हॉल सुरू केला, तेव्हा विद्यापीठातल्या तरुणांनी गरीब वस्तीत येऊन तिथेच राहावे, शेजारी व्हावे, ही त्यामागची कल्पना होती. तिथे व्याख्याने आणि वर्ग चालत, आणि त्याच छताखाली 1898 पासून विनामूल्य कायदेविषयक सल्लाही मिळू लागला. टॉयन्बी हॉल पाहून परतलेल्या जेन ॲडम्स यांनी एलेन गेट्स स्टार यांच्यासह 1889 मध्ये शिकागोत हल हाउस उघडले. बालवर्ग, पाळणाघर, वाचनालय, स्नानगृहे असे करत ते वाढत गेले. आणि तिथल्या कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून आसपासच्या कुटुंबांचे मूळ देश आणि मजुरी दाखवणारे रंगीत नकाशे तयार केले, जे 1895 मध्ये प्रसिद्ध झाले. शेजारी म्हणून राहिल्यामुळेच त्यांना ती दारे उघडली गेली असावीत, असे मला वाटते.

या कथेचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. 1960 च्या दशकात विद्यापीठाच्या नव्या परिसरासाठी हल हाउसच्या भोवतालची वस्ती हटवण्यात आली आणि केंद्राच्या बहुतेक इमारतीही पाडल्या गेल्या. रहिवाशांनी, विशेषतः स्त्रियांनी, त्याविरुद्ध नेटाने लढा दिला, पण तो हरला. संस्थेने अन्यत्र काम चालू ठेवले आणि 2012 मध्ये पैशाअभावी तीही बंद पडली. ज्या वस्तीसाठी केंद्र असते तिची घरे टिकली नाहीत, तर केंद्राच्या भिंतींनाही अर्थ उरत नाही. घरांचा प्रश्न आपला नाही असे म्हणणाऱ्या सदस्यांनी याचा विचार करावा.

प्रतिसाद : 'तिसरा मजला'

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते आहे. दोन वर्षांत आम्हाला तीन घरे बदलावी लागली. तिसऱ्या घरात आल्यावर मी शेजाऱ्यांची नावे विचारणेच सोडून दिले होते, कारण ओळख करून घ्यायची आणि मग सामान बांधायचे, याचा मला थकवा आला होता. मुलगी शाळेतल्या मैत्रिणींविषयी घरात बोलत नसे. अर्धे सामान खोक्यांतच ठेवलेले असायचे.

केंद्रात मी मुलीला सोडायला म्हणून जात होते. तिथल्या एका ताईंनी महिनाभराने मला विचारले, की दर शनिवारी अभ्यासिका उघडायला कुणी नाही, तुम्ही किल्ली ठेवाल का. ती साधी पितळी किल्ली होती, तिला निळा दोरा बांधलेला होता. त्या किल्लीने माझ्यात जो बदल घडला तो कोणत्याही सल्ल्याने घडला नसता, कारण आता मी गेले नाही तर पंधरा-वीस मुले दाराशी उभी राहणार होती. पुढे माझे काम सुटले आणि भाडे थकले, तेव्हा पूर्वीप्रमाणे गुपचूप निघून जाण्याचा विचार मनात आला. पण किल्ली परत द्यायची तर कारण सांगणे भाग होते. मी किल्ली द्यायला गेले आणि सगळे सांगून बसले. त्या ताई माझ्यासोबत घरमालकांकडे आल्या. त्या फारसे बोलल्या नाहीत, शेजारी बसून राहिल्या. थकबाकी पाच महिन्यांत फेडायची असे लेखी ठरले आणि मी ती फेडली. मधल्या काळात मला काम मिळाले तेही अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांकडून कळले म्हणून.

माझी एकच विनंती आहे : केंद्रात येणाऱ्यांना केवळ मदत घेणारे समजू नका. त्यांच्या हाती काहीतरी सोपवा.

प्रतिसाद : 'समास'

वरील अनुभव मला मनापासून पटतात. कामाची बातमी जवळच्या नातलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, असे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये मांडले होते, त्याचीच प्रचिती वरच्या प्रतिसादात येते. तरीही दोन गोष्टींविषयी सावध करावेसे वाटते.

पहिली अशी, की आपलेपणाने घरे बांधली जात नाहीत. भाडे मिळकतीपेक्षा वेगाने वाढत असेल तर कितीही चांगल्या शेजाऱ्यांना ते थोपवता येत नाही, आणि नीटनेटके, गजबजलेले केंद्र असलेली वस्ती बाहेरच्यांना अधिक हवीशी वाटू लागून तिथले भाडे वाढते, असेही घडू शकते. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील 25 व्या कलमात घराचा उल्लेख आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने 1991 मध्ये पुरेशा घराचे निकष सांगताना ताब्याची कायदेशीर सुरक्षितता, म्हणजे राहत्या घरातून मनमानीपणे काढले जाण्यापासून कायद्याचे संरक्षण, सर्वांत आधी ठेवली. ही सुरक्षितता कायद्याने आणि धोरणानेच मिळते. न्यूयॉर्क शहराने 2017 मध्ये घर रिकामे करण्याच्या खटल्यांत कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना वकील देण्याचा कायदा केला, त्यामागे भाडेकरू संघटना आणि वस्त्यांमधल्या गटांनी अनेक वर्षे केलेला पाठपुरावा होता. आपल्या केंद्रातील मोठी खोली अशा सभांसाठीही खुली असावी.

दुसरी गोष्ट अटींविषयी आहे. बेघर व्यक्तीला आधी व्यसन सोड, आधी नोकरी धर, मग घर देऊ, ही पद्धत उलटी करून आधी घर आणि त्यासोबत हवी तेवढी मदत, हा मार्ग न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून वापरला गेला आणि फिनलंडने 2008 पासून तो राष्ट्रीय धोरण म्हणून राबवला. त्यातून आपणही एक पथ्य घ्यावे : जो वर्गांना नियमित येतो त्यालाच कागदपत्रांची मदत, असा नियम कधीही करू नये. मात्र घर मिळालेल्या माणसाला चार भिंतींत एकटेपण ग्रासते, हेही खरे आहे, आणि तिथे चार बाकांचे मोल फार मोठे ठरते.

'उंबरठा'

सर्वांचे मनापासून आभार. एक व्यावहारिक शंका राहिली. आमच्याकडे घरमालकही वाचनाला येतात. कुणाचे भाडे थकले आहे ही माहिती केंद्रात जमू लागली आणि ती नकळत त्यांच्यापर्यंत गेली, तर आम्हीच एखाद्याचे घर घालवू. शिवाय गैरहजर राहणाऱ्याच्या दारी जाणे ही चौकशी वाटेल की आपुलकी?

'दुपारची पाळी'

आपली भीती योग्य आहे. आम्ही हजेरीची वही आणि कागदपत्रांची वही वेगळी ठेवतो. दुसरी वही कुलपात असते आणि तिच्यात नाव, मुदतीची तारीख व पुढे काय करायचे याव्यतिरिक्त काहीही लिहीत नाही. मूळ कागद कधीच ठेवून घेत नाही. घरमालक येतात हे मात्र चांगले समजा. एकाच टेबलावर वर्तमानपत्र वाचणारी दोन माणसे एकमेकांना नोटीस पाठवण्याआधी बहुधा एकदा बोलतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

दारी जाण्याविषयी आमचा संकेत असा, की सलग दोन वेळा कुणी आले नाही तर वर्गातलेच ओळखीचे माणूस जाते, समितीचे नाही, आणि हातात काहीतरी काम घेऊन जाते : राहिलेली वही, पुढच्या वर्गाचे वेळापत्रक, असे काही. थकबाकीविषयी आपण होऊन विचारायचे नाही. दारात पाच मिनिटे उभे राहायचे. सांगायचे असेल तर माणूस आत बोलावतो.

'उंबरठा'

हे वाचून मी काल केंद्रातले कपाट उघडले. त्या बाईंचा अर्धवट शिवलेला एक लहान सदरा तिथे अजून आहे, बाहीला टाचणीने त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेली आहे. त्या कुठे राहायला गेल्या हे शिवणवर्गातल्या एकीला ठाऊक आहे. रविवारी सदरा घेऊन आम्ही दोघी त्यांच्याकडे जाणार आहोत, आणि दोन गैरहजेरींनंतर ओळखीच्या माणसाने दारी जायचे, हा ठराव पुढच्या बैठकीत मी मांडणार आहे.