लिनक्स डेस्कटॉप: तुमचा हात नेमका कुठे अडला?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्या ओळखीतल्या चार-पाच जणांना एकदम लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा, पुळका आला. मशीन धडधाकट, पण त्यावर विंडोज ११ बसत नाही. "तुझं ते फुकटचं आमच्याकडेही टाकून दे." दिलं टाकून. मग फोन सुरू झाले.

पहिलाच फोन: "पासवर्ड टाइपच होत नाहीये." कॅप्स लॉक, कीबोर्डची भाषा, सैल वायर, मी सगळं विचारून झालं. तोवर गृहस्थांनी दुसरा कीबोर्ड आणून लावलासुद्धा. शेवटी उलगडा झाला. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) सुडोचा, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामचा, पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही, एवढंच. मी नऊ वर्षं रोज तो रिकामा पडदा बघतोय, त्यात काही विचित्र आहे हेच विसरलो होतो. बरं, चांदण्या दाखवायची सोय सुडोमध्ये आहे. पीडब्ल्यूफीडबॅक हा पर्याय चालू केला की झालं. लिनक्स मिंटमध्ये तो आधीपासून चालू असतो.

म्हणून हा धागा. सुधारणा सुचवा, पण आधी प्रसंग सांगा. काय करायला गेलात, कुठे अडलात, आणि तिथे काय वेगळं असतं तर अडला नसतात. डिस्ट्रोचं (मिंट, उबुंटू असे लिनक्सचे निरनिराळे अवतार) नाव घातलं नाहीत तर उत्तम, नाहीतर चौथ्या प्रतिसादात धागा कुठे जातो ते आपण सगळे जाणतो. "परत विंडोज घ्या" हा सल्लाही नको.

दोनबोटी

माझी एकच मागणी. पेन ड्राइव्हवर कॉपी करताना ती हिरवी पट्टी खोटं बोलते, ते थांबवा.

दीड जीबीचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात दाखवायचा होता. कॉपी केला, पट्टी सात-आठ सेकंदांत शंभर टक्के. मी खूश, काय वेग आहे! पेन ड्राइव्ह उपसला, खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी सभागृहात फाइल दिसते, नाव बरोबर, आकार बरोबर, पण चौथ्या मिनिटाला चित्र गोठलं ते गोठलंच. पन्नास माणसं माझ्याकडे बघतायत.

नंतर समजलं की लिनक्स आधी सगळं रॅममध्ये घेतं आणि मग सवडीने पेन ड्राइव्हवर उतरवतं. पट्टी मोजते ती रॅममध्ये किती गेलं ते. "इजेक्ट" दाबलं असतं तर थांबायला सांगितलं असतं, मान्य. पण शंभर टक्के लिहिल्यावर कोण थांबतं हो? उतरवून होईपर्यंत पट्टीवर "अजून लिहीत आहे" असं काहीतरी असावं. बास.

रिकामीजागा

दोनबोटी, सहमत. कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) डर्टी_रेशो ही सेटिंग बहुतेक ठिकाणी २० असते, म्हणजे उपलब्ध रॅमच्या वीस टक्के मजकूर डिस्कवर न उतरता थांबू शकतो. १६ जीबीच्या मशीनवर दोन-तीन जीबी सहज. तुमचा अख्खा व्हिडिओ त्यात मावला. आतल्या एसएसडीला ही मर्यादा ठीक, पण स्वस्त पेन ड्राइव्हला तेवढं उतरवायला कित्येक मिनिटं लागतात. डर्टी_रेशोऐवजी डर्टी_बाइट्सला (तीच मर्यादा बाइट्समध्ये) पन्नासेक एमबी देऊन बघा, पट्टी बरीच प्रामाणिक होते.

माझा प्रसंग: अपडेट करताना "डिव्हाइसवर जागा उरली नाही". डिस्कवर तीनशे जीबी मोकळे! मी फोटो उडवले, जुने डाउनलोड उडवले, कचरापेटी रिकामी केली, तरी तेच. डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता न येणारी) करून घेतली की कर्नल ठेवायला बूट नावाचं वेगळं छोटं पार्टिशन (डिस्कचा भाग) बनतं, ते दर अपडेटला येणाऱ्या नव्या कर्नलने भरलं होतं. जुने कर्नल काढणारी ॲप्ट ऑटोरिमूव्ह ही एक आज्ञा, दोन मिनिटांचं काम. पण त्या संदेशात "बूट" हा शब्द असता तर मुलाचे वाढदिवसाचे व्हिडिओ वाचले असते.

डोळेमिटून

मला दिसत नाही. ऑर्का हा पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो, नोम या डेस्कटॉपमध्ये सुपर, ऑल्ट आणि एस एकत्र दाबलं की सुरू होतो. लॉगिनच्या पडद्यावरही चालतो, त्यामुळे एकदा तिथवर पोचलो की मी कोणाचा मिंधा नाही.

प्रश्न तिथवर पोचण्याचा आहे. रिकामीजागा म्हणतात तशी माझीही डिस्क एन्क्रिप्टेड आहे, कामाच्या ठिकाणी सक्तीच आहे. त्या डिस्कचा पासवर्ड विचारणारा पडदा येतो तेव्हा डेस्कटॉप उठलेलाच नसतो, ऑर्का कुठून बोलणार? मी पॉवर बटण दाबतो, पंख्याचा आवाज चढून उतरला की मनात दहा मोजतो, पासवर्ड टाइप करतो, एंटर मारतो. पुढे लॉगिनचा टुंग आवाज आला तर जिंकलो. नाही आला तर पासवर्ड चुकला, की मीच घाई केली, की रात्री अपडेट झाल्यामुळे आज मशीन जरा जास्त वेळ घेतंय, हे कळायला मार्ग नाही. मग बंद करून पुन्हा पहिल्यापासून.

बोलका पडदा मागत नाही. तिथे फक्त एक बीप द्या. पासवर्ड चुकला तर दोन.

उलटसुलट

डोळेमिटून, तुमच्या प्रतिसादानंतर माझी तक्रार लिहायला लाज वाटतेय. तरी लिहितो. कंट्रोल-सी.

जगात सगळीकडे कंट्रोल-सी म्हणजे कॉपी. टर्मिनलमध्ये मात्र "चाललेलं काम मार". मोठा अपग्रेड चालू होता, मध्ये एक इशारा आला, तो कुठेतरी शोधावा म्हणून निवडून कंट्रोल-सी दाबलं. अपग्रेड अर्ध्यात मेला. पॅकेजं अर्धवट बसलेली, रिस्टार्ट केल्यावर काळा पडदा. रात्री दीड वाजता फोनवर वाचून वाचून डीपीकेजी (पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) कॉन्फिगर करत बसलो. कारण माहीत आहे, त्या कळीचा हा अर्थ डेस्कटॉपच्या कितीतरी आधीचा आहे. पण मजकूर माउसने निवडलेला असेल तर कॉपी, नसेल तर मार, एवढा विवेक टर्मिनलला शिकवता येतो. काही टर्मिनल ॲप्समध्ये ही सोय आहेही. ती सगळीकडे आपोआप का नसावी?

खिडकीबंद

+१. कॉपीचाच विषय निघालाय तर: कॉपी करा, ॲप बंद करा, दुसरीकडे पेस्ट करायला जा. काही नाही! कारण कॉपी केलेला मजकूर त्या ॲपपाशीच असतो, पेस्ट करणारा तो त्याच्याकडून मागून घेतो. ॲप गेलं, मजकूर गेला. केडीई या डेस्कटॉपमध्ये क्लिपर नावाचा प्रोग्राम मजकूर आधीच उचलून ठेवतो म्हणून तिथे हा त्रास जाणवत नाही. असा एक मुनीम प्रत्येक डेस्कटॉपने पाळावा.

अर्धामराठी

मी काही वर्षं मराठी भाषांतराला हातभार लावला. "मराठी इंटरफेस बोजड आहे" असं म्हणून लोक दोन मिनिटांत परत इंग्रजीवर जातात. तो बोजडपणा कुठून येतो ते सांगतो.

प्रोग्रामर एकच वाक्य लिहितो: अमुक डिलीटेड. "अमुक"च्या जागी चालताना नाव भरलं जातं. आता मराठीत काय लिहू? फाइल हटवली, फोल्डर हटवला, चित्र हटवलं. माझ्याकडे जागा एक, लिंगं तीन, आणि आत काय येणार ते मला माहीत नाही. मग नाइलाजाने "हटवण्यात आले" लिहायचं, की झाली सरकारी नोटीस.

दुसरी गंमत "ओपन". बटणावर "उघडा" हवं, स्थिती सांगताना "उघडलेली". पण दोन्हीकडे इंग्रजी शब्द एकच, म्हणून भाषांतराच्या फाइलमध्येही तो एकदाच येतो. प्रोग्रामरने संदर्भ जोडला तर गेटटेक्स्ट हे भाषांतराचं साधन दोन वेगळ्या नोंदी करतं. जोडला नाही तर मी एकच शब्द लिहिणार आणि एका ठिकाणी तो चुकणार. आणि विभक्तीचं तर विचारूच नका. "घर" शब्दाचं "घरात" होतं, पण भरल्या जाणाऱ्या नावाचं सामान्यरूप कोण करणार? म्हणून मग अवतरणचिन्हं घालून "'अमुक' मध्ये हलवा" असं तुटक लिहावं लागतं.

सूचना सोपी आहे: फाइल, फोल्डर आणि चित्रासाठी पूर्ण वाक्यं वेगवेगळी लिहा आणि प्रत्येकाला एका ओळीची टीप जोडा. प्रोग्रामरची पाच मिनिटं जातील.

खिडकीबंद

अर्धामराठी, दंडवत. तरी एका ठिकाणी मी "आरोहित करा" वाचलंय. माउंटला (डिस्क वापरासाठी जोडण्याला). घोडा समोर आहे की काय म्हणून मागे वळून पाहिलं.

अर्धामराठी

तो मी नव्हे. :)

दोनघोडे

घोड्यावरून आठवलं. मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. एक दिवस लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन उघडेना. संदेश: राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक. मला वाटलं डिस्क गेली. रातोरात बॅकअपसाठी नवी डिस्क मागवली.

डिस्कला काही झालं नव्हतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन केल्यावर ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि पार्टिशन वापरात असल्यासारखं सोडतं. लिनक्स त्याला हात लावत नाही, जे बरोबरच आहे. पण मग "विंडोज नीट बंद झालेलं नाही, आधी ते पूर्ण बंद करा" असं म्हणा ना! खरं कारण लॉगमध्ये सापडलं, तिसऱ्या दिवशी.

टॅबपन्नास

ब्राउझरमध्ये पन्नास टॅब, रॅम चार जीबी. माउस थांबतो, घड्याळाचे सेकंद थांबतात, डिस्कचा दिवा तेवढा लागलेला. वीस मिनिटं वाट पाहून मी पॉवर बटणाला शरण जातो. कर्नलमध्ये मेमरी संपली की एखादं काम मारणारा आहे, पण तो इतका उशिरा जागा होतो की तोवर वापरणाराच संपलेला असतो. फेडोरा ३४ आणि उबुंटू २२.०४ पासून सिस्टमडी-ऊमडी नावाचा लवकर जागा होणारा पहारेकरी आला. माझ्याकडेही तो आला, आणि त्याने न विचारता अख्खा ब्राउझर उडवला, अर्ध्या भरलेल्या फॉर्मसकट.

उडवायच्या आधी विचारा. "मेमरी संपत आली, यातलं काय बंद करू?" फोनवर बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली की सांगतात, तसं.

कटकट्या

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, आता राहवत नाही. या सूचना मी वीस वर्षं वाचतोय. २००४ साली उबुंटूचा संस्थापक मार्क शटलवर्थ याने उबुंटूच्या बगांच्या (दोषांच्या) यादीत पहिल्या क्रमांकाचा बग नोंदवला: बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा सर्वात मोठा आहे. २०१३ मध्ये तो बंद केला, कारण फोन आणि टॅब्लेट आले. डेस्कटॉप जिंकला म्हणून नव्हे! सूचना जातात कुठे, एवढंच सांगा.

पॅचवाला

माझ्याकडे येतात, कटकट्या. एक छोटं ॲप सांभाळतो, पगार शून्य, वेळ रविवारची सकाळ. शंभरातल्या साठ सूचना "विंडोजसारखं करा" एवढ्याच असतात. त्यांचं मी काय करू? उलट गेल्या महिन्यात एकाने लिहिलं: "सेव्हचा डायलॉग उघडा, नाव टाइप करा, टॅब दाबा. फोकस रद्द-बटणावर जातो. एंटर मारल्यावर काम जातं." सोबत आवृत्ती, डेस्कटॉप, तीन पायऱ्या. मी चहा निवायच्या आत दुरुस्त केलं.

या धाग्यातल्या बीपची मागणी, भाषांतराची टीप आणि बूटचा शब्द या तिन्ही गोष्टी कुणीतरी एका बैठकीत करू शकेल. ऊमडीने आधी विचारणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही. मेमरी संपलेली असताना तो प्रश्नाचा डायलॉग काढायलाही मेमरी लागते. आधीच राखून ठेवावी लागेल.

आणि कृपा करून एका नोंदीत एकच तक्रार. सात तक्रारींची नोंद सातातली शेवटची सुटेपर्यंत उघडीच राहते, आणि ती कधीच सुटत नाही.

कागदपत्र

सूचना नाही, शाबासकी द्यायला आलोय. फोनवरून थेट छापता येणारा प्रिंटर असेल तर हल्ली लिनक्समध्येही ड्रायव्हर शोधावा लागत नाही. एकाच नेटवर्कवर असले की कप्स ही छपाईची यंत्रणा त्याला आपोआप ओळखते. मी ड्रायव्हर शोधायला बसलो होतो, तेवढ्यात पान बाहेर आलं.

अवांतर: स्कॅनरचं विचारू नका.

दोनबोटी

रिकामीजागा, तुम्ही सांगितलेलं डर्टी_बाइट्स ऑफिसातल्या सामायिक मशीनवर लावलं. आता तोच दीड जीबीचा व्हिडिओ कॉपी व्हायला चार मिनिटं लागतात, पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते आणि शंभर म्हणजे शंभर असतात. आज दोघे जण येऊन सांगून गेले: तू काहीतरी केलंस आणि मशीन स्लो झालं, आधीचं होतं तेच परत लाव.