मदत हवी: हायब्रिड गाडी 'रेडी'वर येत नाही. मोठी बॅटरीच गेली हे कशावरून ठरवायचं? (सोलापूर)

शेळगीकर

नमस्कार मंडळी. साध्या गाडीचं थोडंफार कळतं मला, पण हायब्रिडमध्ये काय कुठे असतं ते ठाऊक नाही, म्हणून इथे विचारते.

गाडी पेट्रोल हायब्रिड सेडान, ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष कंपनीचा आहे असं मला वाटत नाही आणि धागा त्या वादात जायला नको. आमच्या अप्पांना, म्हणजे वडिलांना, डायलिसिसला न्यावं लागतं. जाताना रिक्षा चालते, पण येताना त्यांच्या अंगात त्राण नसतं, रिक्षाचे धक्के सोसत नाहीत. त्यांना मागच्या सीटवर आडवं होता यावं म्हणूनच ही गाडी घेतली होती.

मध्यंतरी ते दवाखान्यात अॅडमिट होते, तेव्हा गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभीच राहिली. ऊन कसलं चाललंय ते सोलापूरकरांना सांगायला नको, पारा ४२-४३ वरच आहे. आता ब्रेक दाबून बटण दाबलं की डॅशबोर्ड क्षणभर उजळतो, आकडे थरथरतात आणि विझतात. स्टिअरिंगच्या खालून टक-टक-टक असा बारीक आवाज येतो. पुन्हा दाबलं की सगळे दिवे एकदम लागतात: एबीएस, ब्रेक, स्टिअरिंग, लाल त्रिकोण आणि 'हायब्रिड सिस्टिम तपासा'. गाडी चालायला तयार असल्याचं हिरवं 'रेडी' काही येत नाही. गिअर 'पी'मधून हलत नाही आणि डिकीसुद्धा उघडत नाही.

ओळखीच्या एका मेकॅनिकने ते दिवे बघूनच सांगितलं, "मोठी बॅटरी बसली, लाखाच्या वर जाईल." मीटर लावला नाही, स्कॅनर लावला नाही. दुसरा म्हणाला ढकलून बघू. शेजारचे ट्रकवाले काका केबल घेऊन तयार आहेत, ट्रकवरून जंप देतो म्हणतात. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात गाडी उचलून आणा, पण हायब्रिड बघणारा माणूस बाहेरगावी गेलाय.

लाख रुपये आत्ता औषधपाण्याला लागणार आहेत. मोठी बॅटरी खरंच गेली की नाही, हे त्या माणसाच्या आधी घरच्या घरी कळायला काही मार्ग आहे का?

रिंगपाना

ताई, सगळ्यात आधी ट्रकवाल्या काकांना थांबवा. त्यांची भावना चांगली आहे, पण ट्रकला दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तुमच्या गाडीतले कंट्रोल युनिट १२ व्होल्टचे. एकदा २४ आत गेले की मग खरोखरच लाखाचा खर्च निघेल.

ढकलायचंही काही कारण नाही. ऑटोमॅटिक हायब्रिड ढकलून चालू होत नसते.

आता एक सांगा, गाडी माइल्ड हायब्रिड आहे की स्ट्राँग? २०१५ नंतर आलेल्या मारुतीच्या एसएचव्हीएस (मारुतीची हायब्रिड यंत्रणा) सियाझसारख्या गाड्या माइल्ड, म्हणजे मोटर इंजिनला फक्त हातभार लावते; त्यांना नेहमीचा स्टार्टर असतो. स्ट्राँग हायब्रिडचं दुखणं वेगळ्या जागी शोधावं लागतं. चालू असताना ही गाडी इंजिन बंद ठेवून नुसत्या विजेवर हळूहळू पुढे सरकायची का? आणि कुणाकडे मल्टिमीटर आहे का?

शेळगीकर

हो, गल्लीत शिरताना आवाजच नसायचा, लहान मुलं दचकायची. म्हणजे स्ट्राँगच. भाचा आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय, त्याच्याकडे मीटर आहे. संध्याकाळी बोलावते. पण बॅटरी आहे कुठे? बॉनेटखाली दिसत नाही.

वायरमन सोलापुरी

ताई, मोठ्या बॅटरीचं नाव ऐकून घाबरू नका. तुमच्या वर्णनावरून तरी मला ती गेलेली वाटत नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे या गाड्या वाढल्या पण दिवे बघून निदान करायची सवय गेली नाही.

या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. एक मोठी, शेकडो व्होल्टची. टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत ७.२ व्होल्टचे २८ मॉड्यूल ओळीने जोडून २०१.६ व्होल्ट होतात. इतर गाड्यांत आकडा वेगळा, पण जात तीच. दुसरी साधी १२ व्होल्टची, आकाराने लहान, बऱ्याच सेडानमध्ये डिकीत एका कोपऱ्यात असते. इंजिन फिरवायचं काम मोठी बॅटरी आणि मोटर-जनरेटर करतात, वेगळा स्टार्टर नसतो. मग लहान बॅटरी करते काय? सगळे कंट्रोल युनिट जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे मेन रिले (विजेवर चालणारे मोठे स्विच) ओढते. रिले ओढले गेले नाहीत तर मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असली तरी गाडीच्या दृष्टीने ती नाहीच. वाड्याच्या दिंडी दरवाजाची किल्ली हरवली तर आतलं कोठार भरलेलं असून काय उपयोग, तसं.

लहान बॅटरी ढिली पडली की काय होतं? रिले ओढला जातो, व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, परत ओढला जातो. तीच तुमची टक-टक. कंट्रोल युनिट अर्धवट जागे होतात, एकमेकांशी बोलणं तुटतं आणि प्रत्येक जण आपापला दिवा लावतो. म्हणून तो दिव्यांचा मेळा. मोठी बॅटरी खराब असती तर डॅशबोर्ड स्थिर उजळला असता आणि डिकीही उघडली असती, कारण डिकीचं कुलूप १२ व्होल्टवर चालतं.

बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सचं झाकण काढा. आत लाल टोपीखाली एक पट्टी असेल, ते जंपसाठीचं पॉझिटिव्ह टोक. मीटरची लाल तार तिथे, काळी तार इंजिनच्या उघड्या बोल्टला. उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. ११.८ च्या खाली म्हणजे संपलीच. मग कुणालातरी बटण दाबायला सांगा आणि आकडा किती पडतो ते बघा.

एक पथ्य सगळ्यांनी पाळा. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या की हात मागे. भाच्यालाही बजावून सांगा, कितीही हुशार असला तरी. त्या केबल मोठ्या बॅटरीच्या आहेत आणि ते काम सर्व्हिस प्लग (मोठी बॅटरी तोडणारा) काढून, दहा मिनिटं थांबून, इन्सुलेटेड हातमोजे घालूनच करायचं असतं. आपल्याला आज तिकडे जायचंच नाही.

महामार्ग६५

आमच्या हायवेवर गाडी बंद पडली की सरळ टोचन लावून ओढतात. गॅरेजपर्यंत न्या, तिथे बघतील. एवढं मीटर कशाला?

वायरमन सोलापुरी

भाऊ, साध्या गाडीला चालेल. हिची पुढची चाकं जमिनीवर फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करते, मोटर आणि मोठ्या बॅटरीमधल्या इन्व्हर्टरला धोका पोचतो. न्यायचीच वेळ आली तर चारही चाकं वर, फ्लॅटबेडवर. आणि ही 'पी'मध्ये अडकलीय, ओढणार कशी?

शेळगीकर

भाचा येऊन गेला. टोपीखाली १०.९ दाखवलं. बटण दाबलं की ८ च्या घरात पडतं आणि टक-टक सुरू होते. रिमोटही चालत नव्हता, रिमोटमधली छोटी किल्ली काढून दार उघडलं.

शेजारच्यांची पेट्रोल कार आहे, १२ व्होल्टची. तिच्यावरून जंप द्यावा का? रिमोटचा सेलही संपला असेल का?

रिंगपाना

सेल असेल-नसेल, पण ते सोपं आहे. सेल संपला तरी ब्रेक दाबून रिमोट बटणाला टेकवून धरला की बहुतेक गाड्या ओळखतात. १०.९ व्होल्टला मात्र दुसरं काही शोधायची गरज नाही.

जंप द्या, पण क्रम सांभाळा. लाल केबल आधी तुमच्या लाल टोपीखालच्या टोकाला, दुसरं टोक शेजारच्या गाडीच्या पॉझिटिव्हला. काळी त्यांच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं काळं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. चार मिनिटं त्यांचं इंजिन चालू ठेवा, मग ब्रेक दाबून बटण. लाल-काळं उलटं झालं तर फ्यूज आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरी भरणारा भाग) दोन्हीची वाट लागते, म्हणून जोडण्याआधी दोघांनी बघा.

वायरमन सोलापुरी

'रेडी' आलं की केबल उलट्या क्रमाने काढा आणि गाडी तशीच 'रेडी'त ठेवा. इंजिन मधेच चालू होईल, मधेच बंद पडेल, ते तसंच असतं. शेडचं दार पूर्ण उघडं ठेवा. इंजिन आपणहून चालू होतं, धूर कोंडला तर जिवावर बेतेल.

'रेडी'त असताना परत मीटर लावा. या गाडीत अल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर लहान बॅटरी भरतो. साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये आकडा हवा. बाराच राहिला तर कन्व्हर्टरची बाजू बघावी लागेल. आणि जमलं तर कुणाचा तरी स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचून घ्या, पुसू नका.

शेळगीकर

'रेडी' आलं!! अप्पा ओट्यावर बसून बघत होते, त्यांनीच आधी ओळखलं. आकडा १४.२.

भाच्याच्या मित्राने स्कॅनर लावला. पी०५६२ आहे आणि यू०१००, यू०२९३ असे यू-चे बरेच. त्या मेकॅनिकला दाखवला तर म्हणाला, "एवढे कोड म्हणजे बॅटरीच." तुम्ही सांगा.

वायरमन सोलापुरी

पी०५६२ म्हणजे सिस्टिमचं व्होल्टेज कमी. यू-चे कोड म्हणजे कंट्रोल युनिटांचा आपसातला संपर्क तुटला. दोन्ही लहान बॅटरीकडेच बोट दाखवतात. मोठ्या बॅटरीचा कोड पी०ए८०. वीज बॉडीला गळत असती तर पी०एए६ आला असता. तुमच्या यादीत दोन्ही नाहीत. लाख रुपये कुणाला देऊ नका.

शेळगीकर

आनंद टिकला नाही. सकाळी पुन्हा तेच, टोपीखाली ११.४. काल बराच वेळ 'रेडी'त ठेवली होती. म्हणजे बॅटरी मेली, की कुणीतरी खातंय?

रिंगपाना

दोन्ही असू शकतं. नवीन टाकण्याआधी खाणारा शोधा, नाहीतर नवीही तशीच जाईल. जंप देऊन डिकी उघडा, गाडी बंद करा आणि डिकी उघडीच ठेवा, नाहीतर तार काढल्यावर परत आत अडकेल. दारांचे आणि डिकीचे लॅच पेचकसने बंद करून ठेवा म्हणजे गाडीला सगळं बंद वाटेल. रिमोट लांब घरात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मधे मीटर, १० अँपिअरच्या भोकात. अर्धा तास थांबा, युनिट झोपायला वेळ घेतात. मीटर मधे असताना स्टार्टचं बटण चुकूनही दाबायचं नाही.

निरोगी गाडीत २० ते ५० मिलिअँपिअर दिसतात. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून बघा, कुठल्याने आकडा पडतो.

शेळगीकर

सापडला. अर्ध्या तासानेही ०.३१ अँपिअर. भाच्याने एकेक फ्यूज काढला, काही फरक नाही. शेवटी डॅशबोर्डखाली हात घातला तर काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला काड्यापेटीएवढा डबा, फ्यूजला बगल देऊन सरळ मुख्य तारेला जोडलेला, त्यावर हिरवा ठिपका लुकलुकतोय. जीपीएस ट्रॅकर. आधीच्या मालकाने किंवा त्याच्या फायनान्सवाल्याने बसवलेला असणार. तार सोडवली आणि आकडा ०.०३ वर आला.

वायरमन सोलापुरी

शाब्बास भाचेराव! हिशोब बघा: ०.३१ म्हणजे दिवसाला साडेसात अँपिअर-तास. अशा लहान बॅटऱ्या नव्या असताना साधारण ४०-४५ च्या असतात. रोज चालणाऱ्या गाडीत कळत नाही, उभी राहिली की आठवड्यात कोरडी. त्यात पत्र्याखालची उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि पूर्ण कोरडी पडली की ती सहसा मूळ ताकदीवर येत नाही. दुकानात लोड टेस्टर (भार टाकून बॅटरी तपासणारं यंत्र) लावून घ्या. बदलायची झाली तर आहे त्याच जातीची. डिकीतली असेल तर बहुतेक एजीएम (अॅसिड काचेच्या तंतूंत शोषलेली बंद बॅटरी), वायू बाहेर न्यायला नळी असलेली. नळी जोडायला दुकानदार विसरतात, तुम्ही बघा.

आणि एक विचारतो. मागच्या सीटच्या बाजूला जाळी आहे का? मोठ्या बॅटरीला तिथून हवा जाते.

पूर्वभाग

हा मुद्दा माझ्याकडून अधोरेखित. आमचा पूर्व भागात यंत्रमागाचा कारखाना आहे, हायब्रिडमधून टॉवेल-चादरीचे गठ्ठे नेत होतो. त्या जाळीवर कापसाच्या तुसाचा नमद्यासारखा थर बसला होता, पंखा ओरडायला लागला आणि बॅटरी तापल्याचा इशारा आला. जाळी साफ केल्यावर थांबला. मोठी बॅटरी अशी उकडूनही जाऊ शकते, वेळीच बघा.

शेळगीकर

जाळी आहे, आणि अप्पांची उशी नेमकी तिच्यासमोर असते. वर बारीक तूस आहेच. भाच्याने व्हॅक्यूमने काढलं. उशी आता दुसऱ्या बाजूला, त्यांचं डोकं तिकडे करायचं ठरलंय.

लोड टेस्टला बॅटरी टिकली नाही, एजीएम टाकली. नळी दुकानदार खरंच विसरला होता, मी लावून घेतली. दोन रात्री उभी ठेवून सकाळी मापलं, १२.६. अप्पांना काल दवाखान्यात नेऊन आणलं, येताना झोप लागली त्यांना.

रिंगपाना, वायरमनदादा, पूर्वभाग, तुमचे उपकार विसरणार नाही. जुनी बॅटरी दुकानदाराने भंगाराच्या भावात घेतली. ट्रॅकर मात्र माझ्याकडेच ठेवलाय. आधीच्या मालकाला आज फोन करून तो कुणाचा ते विचारते, आणि कर्जाचं काही शिल्लक आहे का तेही.