प्रतिसाद : निबंधाच्या वहीतली लाल शाई

‘प्रत्येक चूक लाल शाईने दाखवलीच पाहिजे, नाहीतर मुलं बेफिकीर होतात’ हे निबंध तपासण्याबद्दलचं मत मला पटत नाही. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायलाच हवं, पण ते शेवटच्या खर्ड्यात. पहिल्याच खर्ड्यावर पन्नास गोल दिसले की मूल पुढच्या वेळी फक्त येणारे शब्द वापरतं आणि निबंध चार ओळींत आटपतं.

सातवीतल्या एका मुलाने ‘गावची जत्रा’वर लिहिलं होतं, ‘खूप गर्दी होती. खूप मजा आली.’ मी समासात एवढंच विचारलं, ‘गर्दीत तू कुठे होतास? तिथून काय दिसत होतं?’ दुसऱ्या खर्ड्यात आलं, ‘काकाच्या खांद्यावर बसलो तरी पालखीची नुसती छत्री दिसत होती.’ ‘छान’ किंवा ‘वर्णन वाढव’ असा शेरा मारून हे वाक्य आलं नसतं.

गुणांबद्दलही बोलायला हवं. शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांचा १९८८चा अभ्यास प्रसिद्ध आहे. नुसता लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, पण अभिप्रायासोबत गुण दिले तेव्हा तो फायदा दिसला नाही. वर्गातही हेच दिसतं, वही हातात पडली की नजर आधी आकड्यावर जाते.

वेळ नसतो, हे अगदी मान्य. शिक्षण हक्क कायद्यानेच सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे ३५ मुलं धरली आहेत. म्हणून दर वहीत एकच प्रश्न लिहा, पण त्यावर पुन्हा लिहायला वर्गातच तास द्या.