रक्त पातळ करायची गोळी: आयएनआर कधी १.६, कधी ४.२, चुकतंय कुठं?

गोदाकाठ, गंगाखेड
वडील ६६ वर्षांचे. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित. लहानपणीच्या सांधेतापामुळं हृदयाची मायट्रल झडप बरीच आखडलेली. गोळ्या अशा: ॲसिट्रॉम (रक्त पातळ करायची) एक दिवस २ मिग्रॅ, एक दिवस ३ मिग्रॅ, रात्री. मेटोप्रोलॉल ईआर (ठोके आवरायची, हळूहळू विरघळणारी) ५० सकाळी. डिगॉक्सिन (हीही ठोक्यांसाठी) ०.२५ ची अर्धी, आठवड्यातून पाच दिवस. फ्युरोसेमाइड (लघवीची गोळी) ४० सकाळी. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) २ ते ३ मध्ये ठेवा म्हणालेत. मागच्या महिन्यात १.६ आला, या महिन्यात ४.२. डॉक्टरांना कळवलं, त्यांनी एक डोस गाळायला सांगून आठ दिवसांनी पुन्हा तपासणी सांगितली. पालेभाज्या घरात पूर्ण बंद केल्यात. गोळी विसरली तर काय करायचं? गुडघे दुखले की गावात सुई घेतात, ती चालेल का? आणि शेजारच्या काकांना रक्त पातळ करायची नवी गोळी ॲपिक्साबॅन चालू आहे, तपासणीची कटकटच नाही. तीच मागून घ्यावी का?

औषधदुकान, लातूर
आधी एक दिवसाआडचा घोळ बघा. बहुतेक घरांत तारखेवर चालतं: विषम तारखेला ३, सम तारखेला २. मग ३१ नंतर १ येते आणि सलग दोन दिवस ३ जाते. तेवढ्यानं आयएनआर ४ वर जात नाही, पण कालची कोणती घेतली यावर वाद सुरू होतो आणि त्यातूनच डोस दोनदा जातो किंवा जातच नाही. डॉक्टरांना विचारून वार ठरवून घ्या. उदाहरणार्थ सोम-बुध-शुक्र ३, बाकी चार दिवस २. आठवड्याचे १७ मिग्रॅ होतात, आताच्या हिशोबाला जवळपास तेवढेच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वाराच्या रकान्यात आकडा लिहा आणि गोळी तोंडात गेल्यावरच खूण करा, आधी नाही. दोन्ही ताकदीच्या पट्ट्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. डबा एकच असला की दिवे गेलेल्या रात्री हाताला येईल ती निघते.

विसरलेली गोळी त्याच रात्री झोपायच्या आत आठवली तर घ्या. सकाळी आठवली तर ती गेली असं समजा, वहीत लिहा, रात्री नेहमीचीच घ्या. दोन एकदम कधीच नाही. ॲसिट्रॉमचा परिणाम त्याच जातीच्या वॉरफॅरिनपेक्षा लवकर उतरतो, त्यामुळं दोन दिवस सलग चुकले तर फोन कराच. आणि तपासणीला जाताना चुकलेले दिवस लपवू नका. १.६ बघून डॉक्टर डोस वाढवतात, घरी गोळ्या पुन्हा नीट सुरू होतात, आणि पुढचा आकडा ४ वर जातो. तुमचे दोन आकडे बघून मला पहिला संशय हाच येतो.

बालाघाट
पालेभाजी बंद करणं हीच दुसरी चूक. ही गोळी रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन के च्या विरुद्ध काम करते, आणि ते पालेभाजीत भरपूर असतं. आहारातलं के अगदी कमी झालं की शरीरात साठा राहत नाही, मग एखाद्या दिवशी वाटीभर मेथी खाल्ली तरी आकडा हलतो. बंद नको, सारखी ठेवा. आठवड्यातून तीनदा वाटीभर खात असतील तर बाराही महिने तेवढीच. आपल्याकडं अडचण हंगामाची आहे: थंडीत करडई, हरभऱ्याचा पाला, मेथी, चुका रोज ताटात, आणि चैत्र-वैशाखात पिठलं नाहीतर डाळच. त्या बदलाच्या वेळी एक तपासणी जास्तीची करून घ्या.

तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये. रिपोर्टवर सेकंदही छापलेले असतात, पण बघायचा आकडा आयएनआरचा.

सिस्टर_अंबाजोगाई
सुईचं उत्तर: नाही. आयएनआर ४ असताना कमरेत सुई दिली तर स्नायूत रक्त साठून मुठीएवढी गाठ होऊ शकते, ती बाहेरून लवकर कळतही नाही. वर त्या सुईत बहुधा डायक्लोफेनॅक असतं. ते पोटाला जखम करतं आणि मूत्रपिंडावरही ताण आणतं, म्हणजे डिगॉक्सिन अंगात साठायला वाट मोकळी. आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅकही त्याच पंगतीतले. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. रोज दोन-तीन ग्रॅम असं आठवडाभर घेतलं तर त्यानंही आयएनआर वर सरकतो. शेक, तेल चालेल, पण जोरानं रगडू नका.

गावातल्या डॉक्टरांना प्रत्येक वेळी पहिलं वाक्य हेच सांगा, की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल, लघवीच्या त्रासाला कोट्रायमोक्साझोल, बुरशीला फ्लुकोनॅझोल, तिन्ही आयएनआर झपाट्यानं वाढवतात. घ्यावीच लागली तर तीन-चार दिवसांत तपासणी. सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन असतं, त्यानं बीपी आणि ठोके बिघडू शकतात.

आता डिगॉक्सिन, ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही आणि ज्याची मला जास्त काळजी वाटते. योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार थोडं अंतर असतं. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं गेला, पाणी कमी पडलं की मूत्रपिंड मंदावतं आणि औषध साठतं. शेजारी फ्युरोसेमाइड आहे, ते पोटॅशियम घटवतं आणि डिगॉक्सिनचा विषार आणखी तीव्र होतो. भूक मरते, मळमळतं, नजरेला सगळं पिवळसर दिसतं. घरचे म्हणतात पित्त झालं आणि चार दिवस ॲसिडिटीच्या पाकिटावर काढतात. उलटी-जुलाब लागले, तर त्या दिवशी डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड द्यायचं का हे देण्याआधी विचारा. रक्तात डिगॉक्सिनची पातळी बघायची असेल तर नमुना गोळीनंतर किमान सहा तासांनी. खोकल्यावर ज्येष्ठमधाचा काढा देऊ नका, त्यानंही पोटॅशियम पडतं.

नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. ठोके अनियमित असताना १५ सेकंद मोजून चारनं गुणलं तर उत्तर चुकतं. काही ठोके मनगटापर्यंत पोचतही नाहीत, म्हणून दवाखान्यात स्टेथोस्कोपवर आकडा जास्त येतो. ६० च्या खाली आली किंवा चक्कर आली तर गोळी द्यायच्या आधी फोन. त्यांच्यासाठी नेमका आकडा कोणता, हे चिठ्ठीवरच लिहून घ्या. मेटोप्रोलॉल मात्र मनानं एकदम बंद करू नका, ठोके उसळतात. ईआर गोळी चावायची किंवा कुटायची नाही.

बालाघाट
ॲपिक्साबॅनचं राहिलं. काकांची झडप चांगली असेल, वडिलांची आखडलेली आहे, सगळा फरक तिथं. सांधेतापातून झडप बरीच आखडली असेल तर आयएनआरवाली जुनी गोळीच देतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इनव्हिक्टस अभ्यासात अशाच रुग्णांत ॲपिक्साबॅनच्याच जातीच्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुनी गोळी सरस ठरली, मृत्यूही कमी झाले. त्यामुळं काकांची गोळी उसनी घेणं सोडाच, मागूही नका.

गोदाकाठ, गंगाखेड
वारांचं डॉक्टरांशी बोलतो. नवरात्राचे नऊ दिवस उपवास करतात, ते चालेल का?

औषधदुकान, लातूर
ॲसिट्रॉम उपाशीपोटीही चालते, अडचण गोळीची नाही. नऊ दिवस नुसती भगर-साबुदाणा म्हणजे व्हिटॅमिन के जवळजवळ शून्य, आयएनआर वर जातो. पालेभाजी उपवासाला चालत नसेल तर एकवेळचा उपवास धरा, संध्याकाळी नेहमीचं जेवण. पाणी न पिता उपवास फ्युरोसेमाइडबरोबर अजिबात नको. रोज्याबद्दलही लोक विचारतात: गोळी इफ्तारनंतर, पण लघवीच्या गोळीची वेळ आणि मात्रा रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यायची.

सिस्टर_अंबाजोगाई
काळी शौच, लाल लघवी, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त, किंवा डोक्याला मार, जखम दिसत नसली तरी: त्याच दिवशी मोठा दवाखाना. तोंड वाकडं, हात पडला, बोलणं अडखळलं तर १०८. सोबत शेवटचा आयएनआर रिपोर्ट, आणि शेवटचे धड कधी होते ती वेळ. दात काढायचा असेल तर गोळी मनानं बंद करू नका, डेंटिस्ट आधी आयएनआर बघतात.

औषधदुकान, लातूर
आणि सुट्या गोळ्या घेताना पट्टीचा नाव व मुदत छापलेला तुकडा दुकानदाराकडून मागून घ्या, डब्यात टाका. दवाखान्यात नर्सनं विचारलं की लोक सांगतात, "ती छोटी गुलाबी."