प्रतिसाद: मशीन आणा, पण हात त्यांनीच हलवायला हवा

सासूबाईंना स्ट्रोकनंतर घरी वापरायला रोबोटिक हात (म्हणजे रुग्णाचा हात बांधून त्याच्याकडून व्यायाम करून घेणारं मशीन) भाड्याने आणावा का, असं विचारलंय, म्हणून थोडी भर.

आमच्या बाबांना परळला फिजिओसाठी न्यायचं म्हणजे बिनलिफ्टचे तीन मजले, मग टॅक्सी. पोचेपर्यंत माणूस अर्धमेला. म्हणून महिनाभर मशीन आणलं. वेल्क्रोने हात बांधायचा आणि पडद्यावरची फळं टोपलीत टाकायची. पहिला आठवडा बाबा हात सैल सोडून बसायचे, मोटरच सगळं करायची! थेरपिस्टने येऊन मशीनची मदत कमी केली, तेव्हा कुठे त्यांच्या कपाळावर घाम दिसला. मेंदूला नवी वाट शिकायची तर जोर रुग्णानेच लावायला हवा, मशीनने फक्त अडलं तिथे टेकू द्यायचा.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा. ब्रिटनमधल्या ‘रॅटल्स’ चाचणीत (२०१९, ७७० रुग्ण) रोबोटमुळे हाताचा वापर नेहमीच्या उपचारांपेक्षा काही सुधारला नाही. अर्थात ते रोबोट रुग्णालयातले होते, घरचे नव्हेत.

आम्ही संध्याकाळी मशीन बाजूला ठेवून वाटीतले वाल एकेक उचलायला लावायचो. बाबा वैतागायचे, पण शर्टाचं बटण लावता आलं ते त्यानंतरच. आणि हो, खांदा दुखू लागला तर रेटू नका, आधी थेरपिस्टला दाखवा.