स्ट्राँग हायब्रिड की माइल्ड? जास्तीचे पैसे कधी वसूल होतात?

चारचाकी_चौकशी:
एकाच आकाराच्या चार गाड्या यादीत आहेत: साधी पेट्रोल, माइल्ड हायब्रिड (विजेची मोटर इंजिनला फक्त मदत करते), टोयोटाची स्ट्राँग हायब्रिड (मोटर एकटीनेही गाडी ओढते) आणि होंडाची ई:एचईव्ही, तीही स्ट्राँग हायब्रिडच. वापर वर्षाला १५,००० किमी, त्यातले १०,००० शहरातल्या गर्दीत, बाकी महामार्गावर. गाडी आठ वर्षं ठेवायची आहे. जास्तीचे पैसे वसूल होतील का, हे कसं काढायचं? आणि दोन्ही स्ट्राँग हायब्रिडमध्ये नेमका फरक काय?

लिटरचा_हिशेब:
फरक लिटरमध्ये मोजा. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक (कर, नोंदणी, विमा सगळं धरून) पेट्रोलच्या भावाने भागा. समजा उत्तर २,५०० लिटर आलं. आता वर्षाची बचत काढा, पण शहर आणि महामार्ग वेगवेगळे धरून. सरासरी मायलेज घेतलंत तर हिशेब हमखास चुकतो.

उदाहरणादाखल, पेट्रोल गाडी शहरात १२ आणि महामार्गावर १८ देते, स्ट्राँग हायब्रिड २२ आणि २१. तुमच्या वापराला पेट्रोल गाडी १,१११ लिटर पिईल, हायब्रिड ६९३. बचत ४१८ लिटर, म्हणजे साधारण सहा वर्षांत वसुली. हेच प्रमाण उलटं, १०,००० किमी महामार्गावर असतं, तर बचत २६९ लिटरवर येते आणि वसुलीला नऊ वर्षांहून जास्त लागतात. आठ वर्षांच्या हिशेबात ते बसत नाही.

आणखी एक. २२ आणि २४ मायलेजच्या दोन हायब्रिडमध्ये १५,००० किमीमागे फरक फक्त ५७ लिटरचा पडतो. तेवढ्यासाठी डोकं शिणवू नका. डिकी, मागची सीट आणि वॉरंटी बघा.

गिअरपेटी:
माइल्ड हायब्रिडला मी यात धरणारच नाही. तिची छोटी मोटर इंजिनला हातभार लावते, गाडी एकटीने ओढत नाही. बहुतेकींमध्ये एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, म्हणून सिग्नलला इंजिन बंद झालं की थंडावा कमी होतो आणि थोड्या वेळात इंजिन परत सुरू होतं. स्ट्राँग हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो.

टोयोटाच्या रचनेत इंजिन आणि दोन मोटर एका प्लॅनेटरी गिअरला (मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरणारी गिअरची रचना) जोडलेल्या असतात. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा वीज बनवणारा भाग) नाही, झिजणारा क्लच नाही. १९९७च्या पहिल्या प्रियसपासून मूळ कल्पना तीच आहे. तोटा एवढाच, जोरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो, वेग मागून येतो.

होंडाच्या रचनेत शहरात इंजिन जनरेटर फिरवतं आणि चाकं मोटर ओढते. महामार्गाच्या वेगाला क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. गर्दीत ही जास्त सफाईदार वाटते. निसानच्या ई-पॉवर या हायब्रिड रचनेत इंजिन फक्त वीज बनवतं, त्यामुळे सलग वेगात तिचा फायदा घटतो.

चाचणीला घ्याल तेव्हा दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एसी लावून, किमान अर्धा तास चालवा. थंड इंजिनावर दोन-तीन किमीची फेरी मारलीत तर हायब्रिडचं मायलेज वाईटच दिसेल.

चारचाकी_चौकशी:
हिशेब कळला, धन्यवाद. बॅटरी आणि देखभालीचं काय?

ब्रेकपॅड:
मोठी बॅटरी बहुधा उष्णतेने मरते. हवेने थंड होणाऱ्या बॅटरीची हवा आत घेणारी जाळी बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटजवळ असते. तिथे पिशवी, चादर ठेवू नका. फिल्टर असेल तर दर सर्व्हिसला साफ करून घ्या. तुंबला की पंखा मोठ्याने फिरतो, मग संगणक बॅटरीचा वापर आवरतो आणि इंजिन जास्त चालतं. मायलेज पडलं तर आधी हे तपासा. जुन्या निकेल बॅटरीचा एकच मॉड्यूल (बॅटरीतला एक सुटा भाग) बदलून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका: बाकीचे तितकेच झिजलेले असतात, पुढचा लवकरच जातो.

ब्रेक पॅड खूप टिकतात, पण वापर कमी म्हणून डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकतात. वर्षातून एकदा पिना काढून, साफ करून ग्रीस लावा.

१२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. गाडी आठवडे उभी राहिली की तीच उतरते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

टोयोटा घेतलीत तर गर्दीत बराच वेळ 'एन'मध्ये (न्यूट्रलमध्ये) उभं राहू नका, त्यात मोठी बॅटरी चार्ज होत नाही. लांब उतारावर गिअर लिव्हर 'बी'वर (इंजिन ब्रेकिंगवर) लावा. बॅटरी भरली की इंजिन ब्रेकसाठी फिरवलं जातं आणि घरघर वाढते. तो बिघाड नाही.

सही करण्याआधी बॅटरी आणि इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलणाऱ्या भागाची) वॉरंटी वेगळी वाचा: किती वर्षं, किती किमी, आणि सर्व्हिस चुकली तर काय.