ऐरोलीत डीसीएफ७७ रिसीव्हरने संगणकाची वेळ जुळेल का?

प्रश्न (ऐरोली): जर्मनीहून आणलेला डीसीएफ७७ (तिथला अचूक वेळ सांगणारा रेडिओ संकेत) पकडणारा रिसीव्हर संगणकाच्या सीरियल पोर्टला जोडून चार रात्री खिडकीत ठेवला, पण त्याचा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकण्याऐवजी नुसताच थरथरतो. जोडणी चुकली असेल का?

उत्तर (ठाणे): जोडणीला दोष देऊ नका. फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्झवर निघणारा हा संकेत साधारण २००० किलोमीटरपर्यंतच भरवशाचा असतो आणि आपण त्याच्या तिपटीहून दूर आहोत. ती थरथर बहुधा चार्जर आणि एलईडी दिव्यांच्या गोंगाटाची आहे.

उत्तर (वाशी): पीपीएस पिन (दर सेकंदाला एक स्पंद देणारी) असलेले जीपीएस मॉड्यूल घ्या, मोकळे आकाश दिसणारी बाल्कनी पुरते. मात्र ती पिन सीरियल पोर्टच्या डीसीडी नावाच्या पिनेला थेट जोडू नका, मध्ये व्होल्टेज जुळवणारी चिप हवीच. मग क्रोनी हा संगणकाचे घड्याळ जुळवणारा प्रोग्राम मायक्रोसेकंदांच्या घरात वेळ राखतो.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. मॉड्यूल आजच मागवतो.